हिरामावशीच्या दोन मुलाखती

९ मार्च, सोम.
सरांनी ऋचाचा प्रबंध माझ्यासमोर ठेवला. "त्याच ठाकरवाडीवर तूही काम केलंयस. तिचे निष्कर्ष टिकतात का, तटस्थपणे सांग." तटस्थ म्हणे.
ऋचा पुण्याची, वाडीवर जेमतेम चार महिने. मी त्याच भागातली, दोन वर्षं घातली. बायका तिच्याशी जे बोलल्यात ते वाचून पोटात दुखलं. खरंच.

१० मार्च
खोट सापडली! हिरामावशी माझ्या मुलाखतीत : "पान्याचा तरास न्हाई, समदी मिळून भरत्यात." ऋचाच्या मुलाखतीत : "गावाचं भरून झाल्याबिगर आमची घागर हिरीत पडत न्हाई." विहीर आमच्या काकांची, वाडी त्यांना आबा म्हणते. दोन्ही खरं असणं शक्य नाही. तिचं खरं, तर माझा अख्खा प्रबंध पाण्यात.
ऋचाला फोन केला. उगीच गोड बोलले.

१४ मार्च, शनि.
काका लग्नाला, म्हणजे गाडी नाही. लोकलने कान्हे, पुढे रिक्षा, मग चढण. मावशी माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिल्या. "आबा न्हाई आलं?"
"नाही, एकटीच आले."
"मंग आत या."
आत प्रथमच गेले. घागरीचं विचारलं. ऋचाने लिहिलंय तेच, शब्द न् शब्द.
मग मला तसं का सांगितलं?
"तुमी इचारायच्या, आबा बाजंवर बसून ऐकायचे. त्यांच्या हिरीचं त्यांच्या म्होरं काय सांगायचं, ताई?" रागाने नाही, चहा गाळता गाळता. "कुनाला बोलू नका. चैत म्होरं हाय, पानी त्याच हिरीचं."
एकटीला नको पाठवायला, म्हणून काका दर वेळी यायचे. मला ती सोय वाटली.
वाईट वाटायला हवं होतं. परतताना डोक्यात एकच : वाडीत तिला ऋचा म्हणतात. मी अजून आबांची पुतणी.

१६ मार्च, सोम.
सरांना नुसतं 'टिकतात' कळवलं, तर विचारतील, मग तुझं काय? कारण लिहिलं तर मावशी अडकतात. 'टिकत नाहीत' लिहिणं सर्वांत सोपं. दुपारभर तेच मनात घोळवलं, लाज वाटली तरी.
काकांचा फोन. "उद्या वाडीवर जायचं का? गाडी काढतो."
नको म्हणाले.
"का गं?"
बघू, म्हणून ठेवला.
संध्याकाळी ऋचाचा मेसेज : 'हिरामावशींचा फोन आलेला. तुला सांगून बसल्या म्हणून घाबरल्यात. काय लिहिणार आहेस?'
मावशींनी फोन तिला केला. माझा नंबर दोन वर्षं आहे त्यांच्याकडे.