गुरुवारच्या नळ्या

३ मार्च
चोर! भर सभागृहात, माझ्या डोळ्यांदेखत!
बी-पेशींचे दोन कर्करोग. एक ल्युकेमिया, वर्षानुवर्षं संथ. दुसरा लिंफोमा, चवताळलेला. सूक्ष्मदर्शकाखाली सख्ख्या जुळ्या बहिणी. रक्तातली कोणती जनुकं जागी आहेत ते मोजून दोघींना वेगळं करणाऱ्या सात खुणा मी शोधल्या. पडद्यावर नाव आमच्या विभागप्रमुखांचं — महर्षींचं. (दाढी नाही, पण आव तोच.) माझं नाव आभारांत, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

४ मार्च
जाब विचारला. म्हणाले, "बाई, तुम्ही बोलता छान. लिहिणं आमच्यावर सोडा."
बरं. बोलतेच.

७ मार्च
वीस तारखेला वार्षिक सभा. तिथेच उठणार. भाषण लिहायला घेतलं. नवरा म्हणतो, तुझ्या हातात माईक आला की घड्याळाला सुट्टी. हसू दे. संघटनेच्या सभा गाजवल्या, विज्ञानमंडळाचे गुरुवार दोन वर्षं गाजवले — एक महर्षी काय जड आहे!

१२ मार्च
सापडलं!
ताज्या रक्तावर पुन्हा मोजणी केली, तर सातांपैकी पाच खुणा गायब. मग एकाच माणसाचं रक्त दोन नळ्यांत घेतलं. एक लगेच गोठवली, एक रात्रभर टेबलावर ठेवली. टेबलावरची सकाळी 'संथ' निघाली! म्हणजे या खुणा रोगाच्या नाहीतच, शिळ्या रक्ताच्या आहेत. चोरानं चोरलं तेही खोटं नाणं!

१३ मार्च
नवरा विचारतो, पण खुणा तुझ्याच होत्या ना? म्हटलं, खुणा माझ्या, नळ्या विभागाच्या, विभाग महर्षींचा. त्यानं पेपर उघडला. मला गप्प माणसं आवडत नाहीत.

१६ मार्च
शेवट जमला:
"पुढच्या महिन्यापासून वॉर्डात याच खुणांवर उपचार ठरणार. चवताळलेल्या रोगाच्या माणसाला तुम्ही 'संथ' म्हणून घरी धाडाल, आणि तो निर्धास्तपणे मरेल. विभागप्रमुखांच्या हलगर्जीपणानं नळ्या रात्रभर टेबलावर पडून राहिल्या. याला क्षमा नाही."
आरशासमोर चारदा म्हटलं. चौथ्यांदा स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली.

१७ मार्च
महर्षी जिन्यात भेटले. हसले. हसून घ्या.

१८ मार्च
पुरावा हवा होता. नळी कधी आली, कधी गोठवली, याची नोंदवही मागवली. प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या मदतनीस, आमच्या आक्का, त्यांनी कपाटातून काढून दिली.
ल्युकेमियाचे रोगी तपासणीला येतात गुरुवारी दुपारी. त्यांच्या झाडून सगळ्या नळ्या गोठवल्या शुक्रवारी सकाळी. लिंफोमाच्या नळ्या इतर दिवशी आलेल्या — तासाभरात गोठवलेल्या.
गुरुवारी कामावर कोण झोपलं होतं, असं मी गरजले. आक्का चष्मा पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,
"गुरुवारी तुमचं व्याख्यान असायचं ना, बाई. मी दारात विचारायची, टेबलावरच्यांचं काय करू? तुम्ही म्हणायचात, हात लावू नका, सकाळी मी बघते."
शुक्रवारच्या नोंदी पाहिल्या. पानामागून पान. अक्षर माझं.

१९ मार्च
उद्या सभा.
'विभागप्रमुखांच्या' खोडून 'माझ्या' लिहिलं. बाकी भाषणात एक अक्षर बदललं नाही.