तोलवानेराला ताप आलाय

५ सप्टेंबर
आमची लेक झोराइदा कॉमिक काढते; तिच्या तोलवानेरा या नायिकेला स्वतःची मालिका मिळाली. इतकी वर्षं बिचारी दुसऱ्या हिरोच्या मागे उभी राहून धुळीची वादळं उठवायची. आता मुखपृष्ठावर एकटी. लेकीनेच लिहिलंय, लेकीनेच चित्रं काढलीत. पण लहानपणी तिला पाठकोरे कागद कोण आणून द्यायचं? मीच. म्हणजे मूळ माझ्यात आहे.
संकल्प: जंगी सोहळा. आमच्यात मुलगी पंधरा वर्षांची झाली की लग्नासारखा सोहळा करतात, तो पोरीने करू दिला नव्हता. झगा घालण्यापेक्षा टायरमध्ये बसून उतारावरून जाईन, म्हणाली होती. आता तोच थाट करायचा. हॉल, बँड, केक, बापलेकीचा वॉल्झ नाच. तिला मात्र ‘प्रकाशन’ एवढंच सांगायचं.

७ सप्टेंबर
पाद्रिनो, म्हणजे एकेक खर्च उचलणारे मानकरी, ठरवले. केकचा पाद्रिनो खाटीक चेमा, बँडचा पाद्रिनो सलूनवाला. खर्च त्यांचा, मान माझा. फक्त चेमा म्हणाला, कॉमिकमध्ये माझं दुकान दिसलं पाहिजे. सलूनवाला म्हणाला, मला व्हिलन केलंत तरी चालेल, पण केस दाट दाखवा. दोघांनाही शब्द दिला. अंक छापून झालाय, हे मला कुणी सांगितलं होतं?

१० सप्टेंबर
अंक हातात. वाचायला सवड नाही, चित्रं पाहिली. झकास. मधल्या पानावर एक नर्स तोलवानेराचं तोंड दोन्ही हातांत धरून फार जवळून बघतेय. ताप आला असणार. पुढच्या पानावरही तपासणी चालूच. हल्ली एवढं मन लावून कोण तपासतं? बायकोला, ओब्दुलियाला दाखवलं. ती म्हणाली, म्हाताऱ्या, चष्मा लाव. लावला. ताप बराच जास्त दिसला.

१४ सप्टेंबर
झोराइदाला फोन. सुचवलं, तोलवानेराला एखादा उमदा गडी दे. मिशीवाला, स्वतःचा धंदा असलेला. म्हणाली, पापा, तिला नर्स आहे. म्हटलं, अगं, ताप काय जन्मभर राहतो?
मग म्हणाली, निदिया आणि मी एकमेकींच्या कोण आहोत, ते ईस्टरला मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सूप थंड होतंय.
होतच होतं थंड. पण तेव्हापासून पोरगी रविवारी जेवायला आलेली नाही, हेही खरं.
आता तिची अट: माइकवर, सगळ्यांसमोर निदियाची ओळख करून द्यायची. माझी जोडीदार म्हणून. मैत्रीण नाही, रूममेट नाही. जमत नसेल तर मी येणार नाही, आणि रविवारची वाटही यापुढे बघू नका.
हो म्हणालो. त्यात अवघड काय? शिकागोच्या थंडीत फुटपाथवर पंक्चर काढत धंदा उभा केलाय मी.

२० सप्टेंबर
दुकानात टायरच्या थप्पीसमोर सराव. ‘जोडीदार’ ओठांपर्यंत येतो आणि तिथेच हवा जाते. ‘खास मैत्रीण’ सहज जमतं. ‘कलाक्षेत्रातली सहकारी’ त्याहून भारदस्त. निदियाची लाँड्री आहे, पण इस्त्री ही कलाच.
मला माझी काळजी नाही, लोकांची आहे. चेमाचं हृदय नाजूक, फादरांचं वय झालेलं. त्यांना हळूहळू तयार करायला हवं.

२४ सप्टेंबर
पर्यायी योजना. वॉल्झला झोराइदासोबत चेमाचा भाचा. सूट मी देतो म्हटलं, वर चारही टायर बदलून देतो. तो म्हणाला, रुतिलियोकाका, तुम्हाला खरंच काही... आणि मामाकडे बघत राहिला. चेमा समोर गिऱ्हाईक नसताना मटण तोलायला लागला. लाजाळू घराणं.

२९ सप्टेंबर
फादरांना आडून विचारलं. समजा, एका गोष्टीत एक बाई आहे, आणि तिला एका नर्सचा फार लळा आहे. फादर म्हणाले, केक चॉकलेटचा आहे ना? वयाचा परिणाम.

१० ऑक्टोबर, सकाळ
ठरलं. ‘सहकारी’. कागदावर लिहून खिशात ठेवलं. ओब्दुलियाने कागद काढला, वाचला, फाडला. म्हणाली, माझी लेक आज हॉलच्या दारात उभी राहील. आत यायचं की परत फिरायचं, ते तुझं तोंड ठरवणार. मिशी नाही, तोंड.

१० ऑक्टोबर, परत आल्यावर
हॉल खचाखच. झोराइदा दारातच, अंगात कोट, निदियाचा हात हातात. माइक घेतला. म्हटलं, मंडळी, खुर्च्या घट्ट धरा. ही निदिया. माझ्या झोराइदाची... आणि हवा गेली. दारात पोरगी कोटाची बटणं लावायला लागली.
जोडीदार! एवढ्याने ओरडलो की बँडवाल्याने ड्रम हाणला.
कुणीही बेशुद्ध पडलं नाही. चेमा ओरडला, अरे रुतिलियो, ते कळलंय सगळ्यांना, केक कधी कापायचा? फादर म्हणाले, दोघींच्या घराला आशीर्वाद मीच देऊन आलो. भाचा म्हणाला, सोफा मी चढवला तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे मी दिसलो की सगळे गप्प व्हायचे, ते आदराने नव्हे.
झोराइदाने कोट काढला.
पहिला वॉल्झ निदियाबरोबर. माझी पाळी आली तेव्हा बँड जेवायला बसला होता. आम्ही तसेच नाचलो.

११ ऑक्टोबर, रविवार
दोघी जेवायला आल्या. गैरसमज नको म्हणून मी स्पष्ट केलं, मला पहिल्यापासून सगळं माहीत होतं, फक्त योग्य वेळेची वाट बघत होतो. ओब्दुलियाला ठसका लागला. निदिया तिची पाठ चोळत राहिली. झोराइदा पेपर नॅपकिनवर काहीतरी रेखाटत होती.
मोठी बातमी: पुढच्या अंकात मी आहे! धुळीच्या वादळात एक माणूस टायरच्या ढिगाखाली अडकतो. तोलवानेरा आणि नर्स मिळून त्याला ओढून काढतात. बाहेर आल्यावर त्याला एकच वाक्य आहे: मला पहिल्यापासून सगळं माहीत होतं.
निदिया म्हणाली, इथे लोक पोट धरून हसतील.
का हसतील, ते मात्र कुणी सांगत नाही.