क्लीनरच्या बाजूची अक्षरं

अण्णा, आज सकाळी दुधाची पिशवी घेतली, तिच्यावर माझी अक्षरं होती. माझी म्हणजे तुमचीच. तुम्ही टेंपोच्या पत्र्यावर काढायचात ती, अंग चोरून उभी, पुढे कललेली, शेपटी नाही की जाड-बारीक वळण नाही. मी ती कॉम्प्युटरवर पुन्हा काढली आणि संगमनेरच्या एका डेअरीने घेतली. आता कुणीही ती टाईप करू शकतं. याला फॉन्ट म्हणतात. तुम्ही असतात तर ‘कंपन्या काय काय विकत घेतात’ म्हणून हसला असतात.

हायवेला लागून तुमची पत्र्याची शेड. दुधाचा टेंपो उभा आहे, तुम्ही पाटावर बसून रंगवताय आणि मी शाळेतून आलेली, दप्तरासकट बघत उभी. टेंपोवर लिहायची पट्टी जेमतेम वीतभर उंच आणि गावांची नावं लांबलचक, म्हणून अक्षरं चेपायची. “पोट दाबायचं अक्षराचं, मान न्हाई,” तुम्ही सांगताय. मान म्हणजे वरच्या मात्रा-वेलांट्या. त्या दाबल्या की धुळीत दिसेनाशा होतात. बारीक रेघ तुम्हाला त्याच कारणाने चालत नसे. एकदा मी क्लीनरच्या बाजूला गेले, तर तिथली सगळी अक्षरं डावीकडे कललेली. ड्रायव्हरच्या बाजूला तर उजवीकडे होती. मी म्हटलं, अण्णा, चुकलं. तुम्ही हातातला ब्रश न थांबवता खेकसलात, “टेंपोचं तोंड कुठंय ते बघ की! अक्षरं काय मागं पळत्यात व्हय?” गाडीचं तोंड जिकडे, तिकडे अक्षर कललं पाहिजे. संध्याकाळी, बहुतेक रागावल्याची भरपाई म्हणून, मला एक चपटा ब्रश दिलात. केस झडलेत त्याचे, पण टेबलावर आहे.

म्हणून मी फॉन्ट दोन केले, एक उजवीकडे कलणारा, दुसरा डावीकडे. डाव्याने घाम काढला, ‘क्ष’ तर चार वेळा पडला. डेअरीच्या साहेबांपुढे टेंपोच्या दोन्ही बाजूंची चित्रं मांडली आणि अगदी जीव तोडून बोलले. दोन्ही घेतले असते तर तुमची रीत पुन्हा रस्त्यावर धावली असती, मला तेवढंच हवं होतं. साहेब भला माणूस, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्याडम, एकच घेतो. पिशवीवर, पाटीवर, टेंपोवर, समदीकडं तेच. हे दुसरं लई उलटं दिसतंय, वाचायला तरास हुतो.” पिशवीला टेंपोसारखं तोंड नसतं, मी उजवीकडे कलणारा तेवढा दिला.

आज दुपारी त्यांचा नवा टेंपो दिसला. ड्रायव्हरच्या बाजूने झकास. क्लीनरच्या बाजूला मात्र गाडी पुढे चाललेली आणि अक्षरं मागे रेललेली, कुणीतरी करकचून ब्रेक दाबल्यासारखी. मला रस्त्यातच रडू आलं. आजूबाजूच्या कुणाला काही खटकलं नाही, त्याचा रागही आला. तुम्ही असतात तर टेंपो थांबवून ड्रायव्हरला चार शब्द सुनावले असतेत.

डावीकडे कलणारा फॉन्ट आता माझ्याशिवाय कुणाकडे नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून ते त्यातच टाईप केलं. साहेबांचं खरं आहे अण्णा, वाचायला त्रास होतो.