पूर्णीच्या कॉलेजचा निर्णय मी घेतोय

३ मार्च, सोमवार
आज जेवताना पूर्णिमानं सांगितलं की तिनं एका कॉलेजला अर्ज केलाय. बारावीचे दोन पेपर अजून राहिलेत आणि हिचा अर्ज जाऊन पोचलासुद्धा! कॉलेज पुण्याच्या पुढं, डोंगरात. सगळी मिळून साडेतीनशे मुलं. लिबरल आर्ट्स. मी म्हटलं, चित्रं काढायची असतील तर रविवारचा क्लास लाव. तर म्हणते, पप्पा, त्यात सगळंच असतं. इतिहास, गणित, पर्यावरण, तत्त्वज्ञान.
सगळंच असतं म्हणजे काहीच नसतं. बावीस वर्षं शाहूपुरीत पंप आणि पाइप विकतोय. ज्या दुकानात सगळं मिळतं तिथं गिऱ्हाइकाला पाहिजे तो वॉशर कधी मिळत नाही.
हे मी बोललो नाही. म्हणजे बोललो, पण हळू. वर्षाराणीचं म्हणणं, ते हळू खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. बायको आहे, बोलणारच.
संकल्प: या विषयात पूर्ण निःपक्षपाती राहायचं. आवाज चढवायचा नाही. शेवटी निर्णय बापालाच घ्यावा लागतो, म्हणून ही वही.

९ मार्च, रविवार
विश्वजितशी चर्चा. शेजारीच त्याचं बेअरिंगचं दुकान. त्याचा सम्राट इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं शिक्षण या विषयात त्याचा शब्द चालतो. त्यानं एकच प्रश्न टाकला. म्हणाला, शशिधर, पोरगी तिथनं भाईर पडल्यावर काय झाली म्हणून सांगणार? डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, सीए झाली. ही काय, लिबरल झाली?
बिनतोड. घरी येऊन हाच प्रश्न शांतपणे पूर्णीला विचारला. ती ताटावरनं उठली. आवाज थोडा चढला असेल, पण पंखा सुरू होता, त्यामुळं चढवावा लागला.

२१ मार्च, शुक्रवार
पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडं फायदे, उजवीकडं तोटे. तोटे सतरा निघाले. फायदे: हवा चांगली. इतक्या तटस्थपणे विचार करणारा बाप पंचक्रोशीत नसेल.
संध्याकाळी बघतो तर खाली वर्षाराणीच्या अक्षरात लिहिलेलं: पोरीला विचारलं का?
हा मुद्दा कुठल्या बाजूला धरायचा ते कळेना. खोडून टाकला.

६ एप्रिल, रविवार
निवड झाली. वर स्कॉलरशिप. म्हणजे फी हा माझा सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांनीच काढून घेतला. २६ तारखेला पालकांना बघायला बोलावलंय.
पूर्णी म्हणाली, चला की पप्पा, बघून तरी सांगा. तिचा चेहरा बघून क्षणभर हो म्हणणार होतो. पण वेबसाइटवर झाडाखाली बसलेला एक दाढीवाला मास्तर दिसला. वर्गात बाकं नाहीत का, एवढंच विचारलं. पुढचं मात्र विचारायला नको होतं. म्हटलं, बारावीला सायन्स घेऊन शेवटी झाडाखालीच बसायचं होतं, तर क्लासला कशाला घातलं?
ती रडली नाही. नुसती बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, सोमवार
आठवा दिवस. पूर्णी माझ्याशी बोलत नाही. जेवायला या, असा निरोपसुद्धा वर्षाराणीमार्फत येतो. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजतात, मी गेलो की मिक्सर सुरू होतो. वाटण नसताना.
मी ढिला पडलेलो नाही. पण कुठंतरी मोठेपणा दाखवावा लागतो. आज जाहीर केलं, २६ तारखेला जायचं. खरा हेतू कुणाला सांगितला नाही. तिथं जाऊन त्यांचं पितळ उघडं पाडणार. एकतीस प्रश्न काढलेत.
पूर्णीनं ताटात दुसरी भाकरी वाढली. म्हणाली, थँक्यू पप्पा. मी वर बघितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार
काल जाऊन आलो. सविस्तर लिहिलं पाहिजे, दिवस महत्त्वाचा होता.
कॅम्पस दाखवायला पुण्याची एक मुलगी होती. पूर्णी तिला म्हणाली, मी पण येतो. त्या मुलीनं विचारलं, तू मुलासारखी का बोलतेस? पूर्णी म्हणाली, कोल्हापूरचा हाय, आमच्याकडं पोरी अशाच बोलतात. मी मधे पडणार होतो, पण दोघी हसल्या.
मग पालकांसाठी नमुना म्हणून एक वर्ग. गोल बसायचं. मी मुद्दाम दाराजवळची खुर्ची धरली, निसटायला बरी. मास्तरनं फळ्यावर लिहिलं: विहीर कुणाची? एवढंच. कुणी म्हणालं, जमीनमालकाची. कुणी म्हणालं, सरकारची. मला राहवेना. अहो, मी पंप विकतो! म्हटलं, चार भावांत एक विहीर असली की ज्याची मोटार मोठी त्याची विहीर. मास्तर वळले. म्हणाले, म्हणजे मालकी कागदावर नसते, यंत्रात असते? मी म्हटलं, आणि पाण्याच्या पाळीत असते. पहाटेची पाळी ज्याला मिळाली तो भाऊ चढतो, दुपारची मिळालेला कोर्टात जातो. सगळे वह्यांत लिहून घ्यायला लागले. चाळीस मिनिटं! मास्तर शेवटी म्हणाले, शशिधरजी, पुढचं सत्र तुम्हीच घ्या. गमतीनं म्हणाले, पण डोळ्यांत खरं होतं.
एकतीस प्रश्न खिशातच राहिले. वर्षाराणीनं मात्र बाहेर पडताना एक प्रश्न विचारलाच. इथं मायक्रोस्कोप किती आहेत? असल्या जागी असला प्रश्न! चार, म्हणाले. सगळ्यांना मिळून. मी विषय बदलला.
परत येताना गाडीत मीच बोलत होतो. मला बारावीनंतर काय करायचंय, हे कुणी विचारलं नव्हतं. वडिलांनी, आप्पांनी, दुकानाची किल्ली हातात दिली, मी शटर उघडलं. तक्रार नाही. पण गोल बसून असं बोलायला मिळालं असतं तर... असो.
निर्णय झाला. कॉलेज उत्तम आहे. पहिल्यापासून माझा कल तिकडंच होता, फक्त तपासून बघत होतो.
पूर्णी खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल.

५ मे, सोमवार
बारावीचा निकाल. सत्त्याऐंशी टक्के. पेढे दोन कारणांनी वाटले. मार्कांचे आणि कॉलेजचे. विश्वजितनं पेढा तोंडात घालून तोच प्रश्न विचारला, भाईर पडून काय होणार? मी म्हटलं, माणूस होणार. त्यानं दुसरा पेढा उचलला. वाक्य माझं स्वतःचं आहे, इथं नोंदवून ठेवतो.
पूर्णी म्हणाली, पप्पा, कॉलेजचं एवढ्यात कशाला सांगितलं? सीट घ्यायची का नाही ते ३० मेपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, बाप पाठीशी असताना घाबरतेस कशाला?

१२ मे, सोमवार
तिचे पहिल्या वर्षाचे विषय मी निवडलेत. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि 'पाणी व समाज'. तिनं कागद घेतला, घडी केली, ठेवून दिला. दोन दिवस जेवण कमी आहे. घर सोडायचं दुःख. मुलींना होतं. वर्षाराणीला तसं सांगितलं तर गिऱ्हाइकानं उधारी मागितल्यावर मी टाकतो तशी नजर तिनं माझ्याकडं टाकली.
काहीतरी विचारायला पाहिजे असं वाटून गेलं. पण नीट चाललेल्या मोटारीला हात लावू नये.

२२ मे, गुरुवार
आजचं आजच लिहून ठेवतो.
सकाळी सातला पूर्णी मोनाकडं जातो म्हणून गेली. मोना तिची मैत्रीण, राजारामपुरीत राहते. अकराला फोन केला, बंद. बाराला बंद. एकला बंद. वळवाचा पाऊस सकाळपासून. मोनाचाही बंद. वर्षाराणी म्हणाली, मोनाच्या आईचा नंबर शोधते, थांबा जरा. मला कसली थांबायची सवय? पोरगी माझी आहे, तिचं मन मला माहीत. कॉलेजची ओढ आवरेना म्हणून एकटीच तिकडं निघाली असणार! गाडी काढली, पुण्याच्या हायवेला लागलो.
पावसात वायपर एका बाजूनं चालेना. प्रत्येक एसटीच्या खिडकीत बघत होतो. किणी टोलनाक्यापाशी एक एसटी थांबवली. कंडक्टर म्हणाला, पावणं, पोरीचा फोटो हाय का? मोबाइलमध्ये शोधला. सगळे फोटो पंपांचे. पूर्णीचा शेवटचा फोटो दहावीच्या निरोपसमारंभाचा. तो दाखवला. त्यानं विचारलं, आता अशीच दिसती का? केस कापलेत का तिनं? चष्म्याची फ्रेम कुठल्या रंगाची? रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलो. छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं. ॲसिडिटी असणार, सकाळपासून चहावर होतो.
साडेतीनला वर्षाराणीचा फोन. पोरगी सापडली. गगनबावड्यात.
म्हणजे बरोबर उलट्या दिशेला.

२३ मे, शुक्रवार
झालेलं असं. दोघी मोनाच्या काकांच्या जीपमधनं गगनबावड्याच्या पठारावर गेल्या होत्या. वर रेंज नसते. वळवाचे दोन पाऊस झाले की तिथं खडकाच्या भेगांतनं कंदांची फुलं वर येतात म्हणे, आठ-दहा दिवसच असतात. ती बघायला, मोजायला, वहीत काढायला. गेली दोन वर्षं जाते. वर्षाराणीला माहीत होतं. फक्त काल जाणार आहे हे सांगितलं नव्हतं.
आज सकाळी मी जोरात बोललो. (पंखा बंद होता. जोरात बोललो.) म्हटलं, कॉलेजला जायच्या तोंडावर हे काय धंदे?
ती म्हणाली, "पप्पा, मला ते कॉलेज नको हाय."
मी खालीच बसलो.
"तिथं बॉटनी असा विषयच न्हाय. पर्यावरण हाय, पण ते वर्गात बोलायचं. मला रोपं बघायची हायत. ती इथं हायत, तासाभरावर. बघून आल्या दिवशीच कळलं मला."
मग महिनाभर तोंड का शिवलं होतंस, असं विचारलं. तिनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"त्या वर्गात तुम्ही बोलत होता ना, विहिरीचं. तुम्हाला एवढं खूश मी कधी बघितलं न्हवतं. कसं सांगायचं तेच कळंना."
मी म्हटलं, पेढे वाटलेत सगळ्या शाहूपुरीत. वर्षाराणी म्हणाली, "मग काय वो, पेढ्यासाठनं पोरगी धाडायची?"
दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकांना चुकीचा पाइप दिला.

२९ मे, गुरुवार
सहा दिवस समजावतोय. संयम ठेवून. फायद्यांची नवी यादी केली, चोवीस निघाले. तोटे: मायक्रोस्कोप चारच. तिला दाखवली. तिनं शेवटपर्यंत वाचली, म्हणाली, छान लिहिलंय पप्पा. आणि वही परत दिली. उद्या शेवटची तारीख. तिचं मन वळणार. माझी मुलगी आहे, मला ओळखता येतं.

३० मे, शुक्रवार
दुपारी विचारलं, कळवलंस का? म्हणाली, परवाच. नको म्हणून. मास्तरांचं उत्तरही आलं होतं. तुझ्या निर्णयाचा आदर आहे, वडिलांना नमस्कार.
नमस्कार आवर्जून सांगितलाय, हे विशेष.
विश्वजितला सांगितलं, आम्हीच नको म्हटलं. पोरीच्या मानानं कॉलेज लहान पडत होतं. तो म्हणाला, मी काय म्हणत होतो? मीही म्हटलं, मीही तेच म्हणत होतो.

१६ जून, सोमवार
पूर्णीची ॲडमिशन. इथल्याच कॉलेजात, बी.एस्सी., बॉटनी. मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गेलो. असल्या वेळी बाप लागतो. तिथं चौकशी करून ठेवली, मायक्रोस्कोप बावीस आहेत. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पूर्णीनं माझी बाही ओढली, पण ती हसत होती. चष्म्याची फ्रेम तपकिरी आहे.
खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म तपासला आणि हाक मारली, पालक कोण, सही करा. मी शर्टाच्या खिशातलं पेन काढून पुढं झालो. त्यानं फॉर्म बघितला, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, इथं नाव वर्षाराणी आहे. तुम्ही कोण?
वर्षाराणीनं सही केली. मी पेन दिलं.
रकाना लहान होता. दोन नावं मावली नसती.