खुर्चीवरचा पांढरा टॉवेल

मंगळवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.१०. कागदांची पिशवी आवरत होतो.

आज आमच्या भावकीतल्या सुनीलची बायको कविता सरपंचाच्या खुर्चीवर बसली. खुर्चीला नवा पांढरा टॉवेल. तिचा उमेदवारी अर्ज मीच भरून दिला होता, एकही खाडाखोड नाही.

आपल्या समाजाला जागा सुटेल म्हणून दोन वर्षं मी जातपडताळणीचे कागद जमवले. सुटली, पण महिलेसाठी. माझं लग्न झालेलं नाही. संपलं. आता सुनील गावभर मिरवतो. जळतो मी, खोटं कशाला लिहू? तो टॉवेल डोळ्यांसमोरून हलत नाही.

आईला म्हणालो, "मला बायको असती तर खुर्ची आपल्या घरात आली असती."

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मंग मी काय मेली व्हती का रे?"

पिशवीत माझ्या दाखल्याखाली तिचाही जातीचा दाखला आहे. मीच काढून आणलेला.