इंजिन समुद्रात, कागद डब्यात

धामापूर,
रविवार, दुपारची जेवणं आटोपून

चि. भाईस अक्काचा आशीर्वाद.

आम्ही इथे खुशाल आहोत. तुमची खुशाली तुझी बायको विनीता रोज फोनवर सांगते, त्यामुळे विचारत नाही. तुझ्या पित्ताचं मात्र विचारते. उपाशीपोटी चहा ढोसू नकोस, हे तू चड्डीत होतास तेव्हापासून सांगतेय, पण धाकट्या भावाला अक्कल आणि बाभळीला आंबे! असो.

पत्रास कारण की, कुडाळात यज्ञेशसाठी खोली शोधतोयस ते ताबडतोब थांबव. त्याला तिथे नोकरी लागली, दुपारची पाळी, सुटेपर्यंत शेवटची एसटी निघून गेलेली, सगळं मान्य. पण मुलगा एकदा भाड्याच्या खोलीत गेला की सणावारी पिशवी घेऊन येणारा पाहुणा होतो. मला एकच मुलगा आहे रे, त्याचा पाहुणा झालेला मला नको. म्हणून मी त्याला जुनी मोटरसायकल घेऊन दिली. घेताना तुझा शब्द न् शब्द पाळला, त्यामुळे पुढे जे रामायण झालं त्याला जबाबदार तूच.

तू म्हणाला होतास, गाडी कोणीही पुसून चकाचक करतो, तू कागद बघ. पीयूसी बघ, विमा बघ, पंधरा वर्षं उलटलेली असेल तर तपासणी होऊन नोंदणी वाढवलीय का बघ, आणि इंजिनावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघ. मी मालवणात किनाऱ्यावरच्या आंतोनकडे गेले. (त्याच्या क्लॉडियाला मी चौथीत शिकवलंय. अक्षर सुंदर, पण गणितात लक्ष नसायचं.) आंतोनने बिस्किटांच्या डब्यातून कागद काढले. भाई, उभा जन्म शाळातपासणीला तोंड देण्यात गेला माझा, पण असे कागद पाहिले नाहीत! एकही तारीख उलटलेली नाही. धुराचं प्रमाणपत्र वाचून तर वाटलं, ही गाडी धूर सोडते की उदबत्ती लावते? मी तिथल्या तिथे विसार दिला आणि मग गाडीवरची ताडपत्री काढायला सांगितली.

गाडीला इंजिन नव्हतं. चाकं होती, सीट होती, आरसेसुद्धा दोन्ही होते, आणि इंजिनाच्या जागी कोंबडी अंड्यावर बसली होती. आंतोन तसूभर वरमला नाही. "बाईनू, इंजिन कामाक गेला हा," म्हणाला, "सांजचा येतला." त्याचा मेव्हणा सोकोरो याच्या होडीचं इंजिन बिघडल्यापासून म्हणे हे तिथे बसवलंय. तपासणीची तारीख आली की ते घरी येतं, आंघोळ करतं, गाडीत बसतं, पास होतं आणि परत समुद्रात जातं. (असे विद्यार्थी माझ्या वर्गात पुष्कळ होते. एक तर पुढे सरपंच झाला.)

आता कोणी शहाणी बाई संध्याकाळपर्यंत थांबली असती. पण मला तुझं "स्वतःच्या डोळ्यांनी" आठवलं आणि अंगात आलं! पदर खोचला, चष्म्याला दोरी बांधली आणि दुसऱ्या होडीत बसून सोकोरोला भर समुद्रात गाठला. तो जाळं ओढत होता. मी ओणवी होऊन कागदावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचायची, सोकोरो वाकून इंजिनावर बघायचा, आणि आजूबाजूच्या होड्यांतले सगळे, देवापुढच्या गाऱ्हाण्याला म्हणतात तसं, "होय महाराजा!" म्हणून ओरडायचे. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मला उलटी झाली. नंबर मात्र बरोबर होता, हे लिहून ठेव.

अडचण पुढेच होती. हंगाम संपेपर्यंत इंजिन देणार नाही म्हणून सोकोरो अडून बसला. मी विसार परत मागितला तर आंतोन रडकुंडीला आला. शेवटी तोडगा क्लॉडियाने काढला. (गणितात बरीच सुधारणा दिसली.) सोकोरोने पहाटे जाऊन सकाळीच परतावं, यज्ञेशची पाळी दुपारी, तेव्हा इंजिनाने दोन्हीकडे राबावं! म्हणजे यज्ञेश सकाळी होडीतून इंजिन उतरवून गाडीत बसवतो, कुडाळला जातो, रात्री मालवणला येऊन ते परत होडीत चढवतो आणि आंतोनच्या पडवीत झोपतो. दुपारी आमच्या दारावरून जाताना चालत्या गाडीवरून माझ्या हातचा डबा उचलतो, कारण गाडी थांबली की पुन्हा सुरू होत नाही. घरी रविवारी येतो. तू हसशील, पण खोलीत तर राहत नाही ना! घरात स्वतःचं ताट न उचलणारं पोर आईपासून दूर जायला नको म्हणून रोज इंजिन उचलतंय. परवा डबा देताना त्याचे काळे हात बघून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हा खोलीचा विषय संपला.

तुझी,
अक्का

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते आज परत काढलं. काल कुडाळच्या बाजारात सोकोरो भेटला. म्हटलं, बाबा, इंजिनासाठी माझ्या पोराचे किती हाल! तो म्हणाला, "बाईनू, माका नवीन इंजिन घेवन म्हयनो झालो. तुमचो झील रोज खंयचा इंजिन काढता नि घालता, तां माका पण बघूचा आसा." घरी येऊन ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकंही न काढता हे म्हणाले, "माका म्हायत होता." मेल्यांनो, मलाच तेवढं समुद्रात पाठवलंत!

ता. क. दुसरा. आंतोनला फोन केला. क्लॉडिया आमच्या घरी द्यायला त्याची हरकत नाही, पण यज्ञेशच्या नोकरीचे कागद बघायचेत म्हणतो, आणि मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी तपासणार आहे. एक महिना पोरगा रोज त्याच्याच पडवीत घोरत होता, तेव्हा हा आंतोन काय बघत होता कोण जाणे.

ता. क. शेवटचा. भाई, खोली बघ. दोघांना पुरेल अशी, स्वयंपाकघर धड असलेली. आणि तळमजल्यावरची बघ रे. जिना असला तर माझ्या गुडघ्यांना सणावारी पिशवी घेऊन चढवणार नाही.