खलनायकाचं घड्याळ

१७ नोव्हेंबर १९९६, अंकुशनगर
घड्याळ चालू झालं. आतलं तेल वाळून चिकट झालं होतं. धुऊन परत जोडलं. कारखान्यात मीटर-गेज दुरुस्त करते, तीच हत्यारं. काळी तबकडी, नारिंगी सेकंदकाटा, तारीख सहाच्या वर. सिनेमाची कॅसेट थांबवून थांबवून ताडून पाहिलं. बॉम्ब लावताना खलनायकाच्या हातात असतं, त्याच बनावटीचं. जालन्यात जुन्या बाजारात बंद पडलेलं मिळालं. शोधण्यात वर्षं गेली.
डब्यात आता स्मगलरची नागाची अंगठी, डाकूचं कडं, इन्स्पेक्टरणीचं लॉकेट आणि हे.
वहिनी : "वन्सं, सोनं जमवायच्या वयात हे काय भंगार?"
हिरो कधी वेळेवर येतो? घड्याळ लागतं ते खलनायकालाच.

२४ नोव्हेंबर
राजूरला टिळा झाला. नवरी टिळ्याला जात नाही, म्हणून मी घरीच. मुलगा दिलीप, शाळेत मास्तर. एकदाच पाहिलाय.
संध्याकाळी डबा उघडला. घड्याळ नाही.
नाना : "टिळ्यात जावयाला घड्याळ द्यावंच लागतं. डब्यात सडून राह्यलं होतं, दिलं. येवढं भारी त्यांच्यात कुणाच्या हातात न्हाई."
"मला विचारायचं होतं."
"बापानं तुला काय विचारायचं? तुझ्याच नवऱ्याला दिलं की!"
जेवले नाही.

२६
आई म्हणते, टिळ्यातलं परत मागितलं की लग्न मोडलं. मोडू दे, मी म्हणाले. तिनं तोंडाला पदर लावला.
आज त्यांनी मला न विचारता डबा उघडला, उद्या आणखी काय...

२८, चतुर्थी
कारखान्यातली पाळी बदलून राजूरला गेले. देवळाला गर्दी, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. दिलीपला शाळेच्या फाटकाशी गाठलं. घड्याळ त्याच्या हातात, तेही वेळेच्या पुढे.
"एकट्याच आल्या?"
"घड्याळ माझं आहे. मला न विचारता दिलं गेलं. परत पाहिजे."
"मला वाटलं, माझ्यासाठी घेतलं."
"नाही. खलनायकासाठी घेतलं."
हसला. मी नाही. मग त्यानं पट्टा सोडला. "घरी सांगतो, दुरुस्तीला टाकलं म्हणून."
"खोटं नको. तिचं होतं, तिनं नेलं, असंच सांगा."
"तुम्ही आमच्या अण्णांना ओळखत न्हाई."
"ते मला कुठं ओळखतात?"
एस.टी.त उभ्यानं आले. घड्याळ बरोबर लावलं.

३०
त्यानं खरंच तसंच सांगितलं. निरोप आला : उद्या अण्णा, म्हणजे त्याचे वडील, माणसं घेऊन येताहेत. काय ते तोंडावर बोलणार. दिलीप येणार की नाही, निरोपात नाही.
नाना माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यासमोरच वहिनीला : "तिला म्हणावं, उद्याच्या दिवस तरी ते डब्यात ठेव."
वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकू गेलं त्यांना."

१ डिसेंबर
चावी दिली. डाव्या मनगटावर बांधलं.
आई : "बाई, पदराखाली तरी झाक."
करून पाहिलं. चहाचा ट्रे दोन्ही हातांनी धरावा लागतो. झाकत नाही.
जीप थांबली. कोण कोण उतरलं, ते खिडकीतून दिसेल. बघत नाही. चहा घेऊन जातेच आहे.